मनोरीच्या कॅम्पमधली ताई

घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की बायका आपापल्या पोरांचे किस्से काढायच्या. कोणाच्या मुलाने शाळेत काय दिवे लावले, कोणाची मुलगी पाहुण्यांसमोर काय बोलली. मी टायपिस्ट. मला ना नवरा ना पोरं, त्यामुळे पहिली काही वर्षं मी नुसती ऐकत बसायचे. पण मग दर मे महिन्यात आठवडा-दहा दिवस मी आमच्या चर्चच्या कॅम्पला जाऊ लागले. तिथे सात-आठ मुली माझ्या ताब्यात असायच्या, आणि पुढच्या वर्षी तितक्याच नव्या. हळूहळू माझा साठा सगळ्यांपेक्षा मोठा झाला. त्यांची पोरं वाढली, मिशा फुटल्या, किस्से आटले. माझ्या मुली मात्र कायम नऊ-दहा वर्षांच्याच राहिल्या.

त्यातलेच थोडे सांगते. एक-दोन ऑफिसात कधी सांगितले नव्हते.

०

आई गेली त्या वर्षीची गोष्ट. भाऊ मस्कतला. भांडुपच्या चाळीतल्या खोलीत मी एकटीच राहिले होते. एका रविवारी उपासना संपली आणि भालेराव सरांनी मला दारातच थांबवलं. सर एका मिशन शाळेचे हेडमास्तर. दर मे महिन्यात उपनगरातल्या चर्चमधली मुलं गोळा करून ते मनोरीला कॅम्प भरवायचे.

"सुमन, मे महिन्यात काय करतेस?"

"काही नाही."

"मग कौन्सिलर म्हणून ये. एका केबिनमधल्या मुली सांभाळायच्या. पगार नाही. जेवण आहे, समुद्र आहे."

"सर, मी कधी मुलं सांभाळली नाहीत."

"त्यांचं त्या बघतात गं. तू फक्त मोजत राहायचं."

घरी येऊन नळावर कोणाला तरी सहज बोलले, कौन्सिलर म्हणून चाललेय. आता त्या काळी नगरसेवकालाही लोक कौन्सिलरच म्हणायचे. संध्याकाळी दारात सावंतमामा हजर. मिलमधून रिटायर झालेले, एरवी गंजीफ्रॉकवर असायचे, त्या दिवशी शर्ट घालून आले होते.

"अगो, इलेक्शन कधी झाला?"

मी सगळं समजावून सांगितलं. कॅम्प, समुद्र, मुली, बायबल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तां खरां," ते म्हणाले, "पण थंय कोण मोठो मानूस भेटलो तर आमच्या गटाराचा सांग."

मी सांगेन म्हटलं. आई गेल्यानंतर पंधरवडा उलटल्यावर माझ्या दारात आलेलं ते पहिलं माणूस होतं. त्याला नाही कसं म्हणणार?

०

कॅम्प म्हणजे मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे जायचं, आणि मग चालत एका बंगल्यावर. बंगला कोणा शेटचा, मे महिन्यापुरता भाड्याने घेतलेला. मुलगे बंगल्यात, मुली मागच्या आवारातल्या कौलारू खोल्यांमध्ये. तिथे पूर्वी जाळी ठेवायचे. नाव मात्र केबिन. सरांनी प्रत्येकीला पवित्र शास्त्रातलं गाव दिलं होतं: बेथानी, नासरेथ. माझ्या वाट्याला यरीहो.

दुसऱ्याच सकाळी भक्तीच्या वेळी सरांनी यरीहोचीच गोष्ट सांगितली. इस्राएल लोकांनी शहराला फेऱ्या घातल्या, कर्णे फुंकले, मोठ्याने गर्जना केली आणि भिंत कोसळली. सर सांगायचे छान. मुली डोळे विस्फारून ऐकत होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, लक्ष देतायत.

दुपारी विश्रांतीच्या वेळेत मी अंघोळीला गेले. परत येते तर माझ्या सगळ्या मुली ओळीने केबिनला फेऱ्या घालतायत, एकीच्या तोंडाला नारळाची करवंटी. मी "अगं" म्हणेपर्यंत सगळ्यांनी मिळून अशी काही आरोळी ठोकली की गावातले कावळे उडाले. आणि मागची कुडाची भिंत, जी आधीच वाळवीने खाल्लेली होती, सावकाश बाहेर आडवी झाली.

मुली घाबरून एकमेकींच्या मागे लपल्या. सर धावत आले. पडलेल्या भिंतीकडे बघितलं, मुलींकडे बघितलं.

"विश्वास असावा," सर म्हणाले, "पण भाड्याच्या जागेत नको."

०

स्वयंपाकाला गावातल्या हिराबाय यायच्या. कोळीण, हिंदू. आमच्या प्रार्थनेच्या वेळी त्याही चुलीपाशी हात जोडून उभ्या राहायच्या आणि आमच्या नंतर 'आमेन' म्हणायच्या, जरा मोठ्यानेच.

पहिल्या वर्षी तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या केबिनमधली एक मुलगी घरच्या आठवणीने रडायला लागली. तिचं बघून शेजारची. हे रडणं खोकल्यासारखं असतं, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातं. थोड्या वेळात अख्खं यरीहो रडत होतं. मी एकेकीला जवळ घेतलं, "आई दूर नाही गं, होडीच्या पलीकडेच आहे," असं प्रत्येकीला सांगितलं. ते इतक्या वेळा सांगितलं की शेवटच्या मुलीपाशी माझाच आवाज बंद झाला.

त्या निवळल्या. लगोरी खेळायला पळाल्या. मी विहिरीमागे जाऊन बसले.

हिराबाय कपबशी घेऊन आल्या. "सर बोलले, कोन पोर रडते तिला चा दे."

"मुली खेळायला गेल्या."

"मंग ही तू पी."

मी प्यायले. त्या समोर उकिडव्या बसून राहिल्या. कप रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "पोरींची आय पलीकडं हाय. तुजी?"

मी मान हलवली. त्यांनी बशी उचलली.

"उद्यापासून चा मागाय येऊ नको," त्या म्हणाल्या. "मी हितंच आनीन."

आणि दुपारचा चहा त्या विहिरीमागेच आणायच्या, मी रडो न रडो.

०

मुलांच्या बाजूला विनय नावाचा कौन्सिलर होता. मुलुंडचा, बँकेत नोकरीला, उंच, चष्मा. ओहोटीला मुलं पाण्यात उतरायची तेव्हा किनाऱ्याला समांतर दोरखंड बांधायचे. दोराच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. त्यामुळे आमचं सगळं बोलणं ओरडूनच व्हायचं.

"सुमन, बरी आहेस ना?"

"बरी आहे!"

"वारा खूप आहे आज!"

"हो, खूप आहे!"

असं दोन वर्षं चाललं. त्यापलीकडे काही नाही. पण मुलींना अशा गोष्टीचा वास आधी लागतो. मी वेणी घातली की त्या एकमेकींना कोपरं मारायच्या.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी तो दोराचं टोक सोडून वाळूतून चालत माझ्याकडे आला. माझ्या मुली कमरेएवढ्या पाण्यात पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या.

"सुमन, बरेच दिवस विचारीन म्हणतोय," तो म्हणाला. चष्मा काढून पुसला. "तुला राग येणार नसेल तर."

"विचार ना."

"तुमच्याकडे बादल्या जास्त आहेत का?"

मी दोन दिल्या.

पुढच्या वर्षी तो बायकोला घेऊन आला. तीही कौन्सिलर, नासरेथ केबिनला. स्वभावाने चांगली होती. सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, इथलं मला काहीच माहीत नाही, जरा दाखवता का?" मी तिला विहीर दाखवली, न्हाणी दाखवली. बादल्या कुठे असतात तेही दाखवलं.

०

नाश्त्यानंतर मुलींनी एकेक करून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची, असा नियम होता. बहुतेक जणी आई-बाबा, परीक्षा आणि आजचं जेवण एवढ्यात आटपायच्या. एका वर्षी सुवर्णा नावाची सगळ्यांत धाकटी मुलगी होती. तिची पाळी आली. तिने डोळे घट्ट मिटले.

"हे देवा, आमच्या ताईला कोणीतरी दे. नवरा दे. नवरा नसेल तर कुत्रा दे. आमेन."

बाकीच्यांनीही आमेन म्हटलं. चुलीपाशी हिराबायनी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

आता योगायोग म्हणा. दुसऱ्या सकाळी मी दात घासायला बाहेर आले तर पायरीवर एक पिवळट कुत्रा बसलेला. एक कान फाटका, अंगाला सुक्या मासळीचा वास. तो माझ्या मागे विहिरीवर, माझ्या मागे भक्तीला, माझ्या मागे समुद्रावर. पाव कोणीही टाकला तरी खाऊन परत माझ्याच पायाशी. सुवर्णाचा भाव एकदम वधारला. इतर केबिनमधल्या मुली तिच्याकडे मागण्या सांगायला येऊ लागल्या.

मी सरांना म्हटलं, "सर, बघा, अर्धीच प्रार्थना ऐकली."

सर म्हणाले, "सोप्या मागण्या तो आधी उरकतो."

शेवटच्या दिवशी कुत्रा धक्क्यापर्यंत आला. होडी सुटली तेव्हा पाण्याच्या काठाशी उभा राहून बघत होता. मुलींनी हात हलवले, मीही हलवला. तेवढ्यात बाजूला मासळीची होडी लागली, आणि तो तिकडे गेला.

०

एका वर्षी कांजिण्यांची साथ आली. कितीतरी मुलांची नावं ऐन वेळी रद्द झाली आणि माझ्या यरीहोत एकच मुलगी उतरली. शोभा, चारकोपची. तिथे तेव्हा नवीन सेक्टर पडले होते, छोटी छोटी घरं. सर म्हणाले, "सुमन, एकीसाठी केबिन कशाला, तिला बेथानीत घालू. तू स्वयंपाकघरात मदतीला ये."

मी शोभाला सांगितलं. ती ट्रंकेवर बसून राहिली.

"नको."

"अगं, तिथे मैत्रिणी मिळतील."

"घरी आम्ही एका खोलीत नऊ जण झोपतो," ती म्हणाली. "मला इथे सगळ्या खाटा पाहिजेत."

सर हसले आणि राहू दिलं. मग शोभाने रोज खाट बदलायला सुरुवात केली. आज खिडकीजवळची, उद्या दाराजवळची. प्रत्येक खाटेवर ती हातपाय पसरून, फुलीसारखी झोपायची. सकाळी गादी नीट झटकून पुढच्या खाटेवर उशी ठेवायची. मीही मनात म्हटलं, मजा आहे पोरीची. मला त्या खोलीत फार रितं रितं वाटायचं. माझ्या घरातला रितेपणा मी सुट्टीतही बरोबर घेऊन आले की काय, असं वाटायचं. पण ती खूश होती.

सगळ्या खाटा झाल्या. मग दोन दिवस ती एकाच खाटेवर झोपली, माझ्या शेजारच्या.

निघताना विचारलं, "काय गं, सगळ्यांत चांगली खाट कुठली?"

"हीच."

"का? हिचा तर सुंभ सैल आहे."

"बाकीच्या लांब आहेत," शोभा म्हणाली, आणि ट्रंकेची कडी लावली.

०

घाटकोपरच्या बाजारात एकदा आदल्याच वर्षीची एक मुलगी दिसली. आईबरोबर भाजी घेत होती. कॅम्पमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घेणारी. मी खूश होऊन हाक मारली. ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू भलत्याच ठिकाणी भलतंच काही दिसलं.

आई म्हणाली, "कोण गं या?"

"ही कॅम्पमधली."

"कॅम्पमधली कोण? बाई आहेत का?"

"नाही. कॅम्पमधलीच आहे ती," मुलगी म्हणाली. मग आईच्या कानाशी, पण मला ऐकू येईल असं: "ती इथे कशी आली? ती तिथेच राहते ना?"

०

आता मार्थाचं सांगते.

मार्था मुलुंडची, नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. तिचे वडील तिथल्या एका कारखान्यात टाइमकीपर. कामगार गेटवर वेळेत आले का, ते बघायचं काम. मुलगी तशीच निघाली होती. सगळ्या मुली मला बिलगायच्या, ही कधी नाही. ही माझ्या चुका पकडायची.

"ताई, जेवणाच्या प्रार्थनेत तू डोळे उघडलेस."

"तुला कसं कळलं? म्हणजे तुझेही उघडे होते."

"माझे तपासायला उघडले होते."

असे ते सगळे दिवस गेले. खरं सांगायचं तर ही कधी घरी जाते असं मला झालं होतं.

आमच्या सरांचा एक नियम फार कडक. पाणी, धक्का, होड्या, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगायचे: "इथून कोणीही एकटं जायचं नाही. घरचं माणूस आलं, त्याच्या हातात तुमचा हात दिला, की मगच निघायचं."

शेवटच्या दिवशी दुपारी पालक आले. मुली पळत सुटल्या. हे दर वर्षी असंच. आदल्या दिवशी गळ्यात पडून रडलेल्या मुली आई दिसली की मागे वळून बघत नाहीत, आणि ते तसंच असायला हवं. आवार रिकामं झालं. मार्थाचे वडील आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, घड्याळ उजव्या हाताला. मार्था ट्रंकेवरून उठली नाही.

"चल बेटा."

"ताईला न्यायला कोणी आलं नाही अजून."

मी हसले. "मला कोणी लागत नाही गं. मी मोठी आहे. मी एकटी जाते."

"एकटं जायचं नाही."

"तो नियम मुलांना आहे."

मार्थाने सरांकडे बघितलं. सर व्हरांड्यात ताटं मोजत होते. "सर, तुम्ही 'मुलांनी' म्हणाला होतात की 'कोणीही' म्हणाला होतात?"

सरांच्या हातात ताट तसंच राहिलं. "कोणीही म्हणालो होतो," ते म्हणाले.

मला वाटलं, आता वडील हिला रागावतील. त्यांनी घड्याळात बघितलं, मग मला विचारलं, "तुम्ही कुठे राहता?"

"भांडुपला."

"वाटेतच आहे. चला."

"अहो, राहू द्या. लहान आहे ती, काहीतरी बोलते."

"बाई," ते म्हणाले, "नियम सरांचा आहे. आम्ही काय करणार?"

होडीत मार्थाने माझा हात धरला होता. प्रेमाने वगैरे नाही, गर्दीत पिशवी धरतात तसा. बसमध्ये मला आतल्या बाजूला बसवलं. दादरला गाडी बदलताना दोनदा मागे वळून मी आहे ना ते बघितलं. भांडुप आलं. मी म्हटलं, "आता इथून मी जाईन. घर जवळच आहे."

"हातात द्यायचं असतं," मार्था म्हणाली. बापलेक दोघंही उतरले.

चाळ टेकडीवर. चढ चढून, जिना चढून आम्ही माझ्या दारात आलो. दाराला कुलूप.

"कुलूप आहे," मार्था म्हणाली.

"हो. किल्ली माझ्याकडे आहे."

"घरचे कुठे गेले?"

तिचे वडील कठड्यावरून खाली बघू लागले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. बाहेर गेलेत, येतील आत्ता, काहीही चाललं असतं. पण या मुलीपुढे खोटं तोंडातून निघेना, आणि खरं त्याहून निघेना. मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले. ती माझ्या हातातच होती.

तेवढ्यात शेजारच्या परबकाकू बाहेर आल्या. मासे साफ करत होत्या, हात कोपरापर्यंत ओले. त्यांच्याशी माझं पाण्यावरून भांडण झालेलं, पावसाळ्यापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

मार्था त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही ताईच्या कोण?"

परबकाकूंनी कुलुपाकडे बघितलं. मार्थाच्या वडिलांकडे बघितलं. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"मी हिची काकी," त्या म्हणाल्या. "कित्या गो?"

"मग हिला घ्या."

मार्थाने माझा हात धरून त्यांच्या हातात दिला. खवल्यांनी चिकट, गार हात. मग ती वडिलांबरोबर जिना उतरून गेली.

परबकाकूंनी हात सोडला नाही.

"जेवलंस काय गो?" त्यांनी विचारलं.